जोना लोमू: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जरा ऐसपैस उत्तरं

हा जोना लोमू नक्की कोण? थोडक्यात सांगा.

न्यूझीलंडचा रग्बी खेळाडू. जर्सी नंबर ११, जागा डावा विंग, उंची सहा फूट पाच इंच आणि वजन ११९ किलोच्या आसपास. वर वेग असा की शंभर मीटर अकरा सेकंदांच्या आत पळायचा असं सांगतात. जन्म १२ मे १९७५, मृत्यू १८ नोव्हेंबर २०१५. हिशोब करा, चाळीस वर्षं आणि सहा महिने. रग्बीत जगभर ओळखला गेलेला पहिला चेहरा हाच, म्हणजे ज्यांना रग्बीचा र माहीत नाही त्यांनीपण त्याची ती इंग्लंडविरुद्धची क्लिप कुठे ना कुठे बघितलेली असते.

आणि खरं सांगायचं तर प्रॉब्लेम पण तिथेच आहे. ती पंधरा-वीस सेकंदांची क्लिप बघून लोकांना वाटतं की धिप्पाड होता, लोकांना तुडवत गेला, संपला विषय. तसं नाहीये. हा माणूस बहुतेक सगळं करिअर बिघडलेल्या किडन्या घेऊन खेळला. खाली जे काही आकडे येतील ते वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

रग्बी म्हणजे ते हेल्मेट आणि खांद्याला पॅड लावून खेळतात तेच ना?

नाही, ते अमेरिकन फुटबॉल. इथे हेल्मेट नाही, बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, पास फक्त मागे किंवा आडवा. बॉल घेऊन समोरच्या टीमच्या गोल लाइनपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ पॉइंट. त्यानंतर किक मारून अजून २ मिळतात. पेनल्टी किकचे ३, आणि चालू खेळात बॉल जमिनीवर टप्पा पाडून लाथेने खांबांच्या मधून घातला तर तो ड्रॉप गोल, त्याचेपण ३. एका बाजूला पंधरा जण, ऐंशी मिनिटं. लोमू समजून घ्यायला एवढं बास आहे. स्क्रम (दोन्हीकडचे जड गडी एकमेकांना भिडून बॉलसाठी ढकलाढकली करतात ते) आणि रक (जमिनीवरच्या बॉलवरची झटापट) यांच्या नियमांत शिरू नका, ते खेळणाऱ्यांनापण धड कळत नाहीत.

विंगवर खेळणारा म्हणजे काय करतो?

मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि बॉल आला की पळतो. म्हणजे ढोबळमानाने. मधे सगळे जड गडी एकमेकांवर पडून मारामारी करून बॉल काढतात, तो हातोहात बाहेर येतो आणि शेवटी विंगरकडे पोचतो, मग समोर एक-दोन माणसं आणि मोकळं मैदान. त्यामुळे पूर्वापार विंगर म्हणजे चपळ, हलका, झुकांडी देणारा पोरगा असायचा. जड माणसं पुढे, पळणारी मागे, अशी सरळ वाटणी होती. लोमूनी ती वाटणीच मोडली. पुढे स्क्रममधे शोभेल असा देह त्यानी विंगवर आणून उभा केला आणि हा देह समोरच्या विंगरपेक्षा जोरात पळत होता.

गंमत म्हणजे तो मुळात विंगर नव्हताच. शाळेत फॉरवर्ड होता, म्हणजे पुढच्या जड गड्यांपैकी, आठ नंबरला खेळायचा.

त्याचं लहानपण कसं गेलं?

वाईट. आई-बाप टोंगाचे, पॅसिफिकमधलं छोटं बेटांचं राज्य आहे ते. लोमू न्यूझीलंडमधे ऑकलंडच्या बाजूला जन्मला, पण लहानपणीची काही वर्षं टोंगात मावशीकडे वाढला, आणि मग परत आणल्यावर त्याला आधी आईबाप कोण हेच नीट उमगेना. घर साउथ ऑकलंडमधल्या मांगेरे भागात. तिथे तेव्हा गँगचं वातावरण होतं. त्याच्या एका काकाचा गँगच्या मारामारीत खून झाला, एक चुलतभाऊपण असाच गेला. घरात बापाची मारहाण, ते लोमूनी नंतर स्वतः उघडपणे सांगितलंय. पोरगं रस्त्यावरच्या भानगडीत अडकायला लागलं तशी आईनी त्याला उचलून वेस्ली कॉलेज नावाच्या बोर्डिंग शाळेत टाकलं. कॉलेज म्हणजे तिकडे शाळाच. पुकेकोहे गावाजवळ आहे ती, मेथडिस्ट चर्चची जुनी शाळा.

तोपर्यंत तो रग्बी लीग खेळायचा, म्हणजे तेरा जणांचं रग्बी, नियम वेगळे. पंधरा जणांच्या रग्बी युनियनकडे तो वळला तो वेस्लीत. अ‍ॅथलेटिक्समधेही होता, शर्यतीत पहिला आणि गोळाफेकीतही तोच पुढे, असलं काहीतरी.

ऑल ब्लॅक्समधे, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय टीममधे, एवढ्या लवकर कसा काय घेतला?

१९९४ च्या हाँगकाँग सेव्हन्समुळे. सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांचं रग्बी, मैदान तेवढंच, त्यामुळे मोकळी जागाच जागा. अशा मैदानावर या साइजचं पोरगं सुसाट सोडल्यावर जे व्हायचं तेच झालं. सेव्हन्सचे कोच गॉर्डन टिटजेन्स, ट्रेनिंगमधे माणसाचा जीव काढणारे म्हणून प्रसिद्ध, त्यांच्या हाताखाली तो तयार झाला.

त्याच वर्षी २६ जूनला क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर फ्रान्सविरुद्ध पहिली टेस्ट. (रग्बीत देशादेशांमधल्या सामन्याला टेस्टच म्हणतात, पाच दिवसांची भानगड नाही.) वय १९ वर्षं ४५ दिवस, ऑल ब्लॅक्सचा सगळ्यात लहान टेस्ट खेळाडू, आणि तो रेकॉर्ड आजही त्याच्याच नावावर आहे.

पण सामना फसला. फ्रान्स २२-८ नी जिंकले. दुसरी टेस्ट ऑकलंडला, तीपण हरले, २३-२०. फ्रेंचांनी बरोब्बर हेरलं की हा विंगवर नवा आहे, याच्या पाठीमागे बॉल लाथाडा, याला वळायला लावा. एवढं मोठं जहाज वळायला वेळ लागतोच. दोन टेस्टनंतर पोराला बाहेर बसवला, आणि १९९५ च्या वर्ल्डकपच्या आधी जी तयारीची शिबिरं झाली त्यात याचा फिटनेस इतका कमी पडत होता की कोच लॉरी मेन्स त्याला घेतील की नाही हीच शंका होती. शेवटी घेतला. आता मागे वळून बघताना वाटतं की तो नुसता आळस नसणार, आत काहीतरी बिघडायला लागलं असणार, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार असलं काही. एकोणीस वर्षांचं पोरगं धापा टाकतंय तर सगळे म्हणणार पळत नाही नीट.

ती फेमस इंग्लंडची मॅच नक्की काय होती?

१८ जून १९९५, केपटाउन, न्यूलँड्स मैदान, वर्ल्डकपची सेमीफायनल. वर्ल्डकपला येताना लोमूच्या नावावर फक्त त्या हरलेल्या दोन टेस्ट होत्या. आयर्लंडविरुद्ध दोन ट्राय मारले, क्वार्टर फायनलला स्कॉटलंडविरुद्ध एक, त्यामुळे नाव झालं होतं पण इंग्लंडवाले काही घाबरून वगैरे नव्हते.

आता ती क्लिप. सामना सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मिनिटं झालीत. डावीकडे लोमूकडे पास येतो, तोही धड नाही, डोक्यावरून मागे जातो, बॉल जमिनीवर टप्पा खातो आणि तो मागे वळून उचलतो. इथेच खरं तर इंग्लंडला संधी होती. समोर टोनी अंडरवुड, त्याच्यासमोरचा विंगर. लोमू त्याला बाहेरच्या बाजूने वळसा घालून हात लावून बाजूला सारतो. कॅप्टन विल कार्लिंग मागून झेपावतो, पायाला हात लागतो, लोमू अडखळतो. आता नीट बघा, इथे तो जवळजवळ पडतोय, तोल गेलाय, पुढे झुकलाय. आणि शेवटी राहिला फुलबॅक (सगळ्यात मागे उभा राहणारा) माइक कॅट, लोमूपेक्षा तीसेक किलोने हलका, गोल लाइनच्या जरा पुढे वाकून उभा. लोमू तोल सावरता सावरता थेट त्याच्या अंगावरून जातो. वळसा नाही, झुकांडी नाही. कॅट उताणा, लोमू पलीकडे, ट्राय. न्यूझीलंडचे कॉमेंटेटर कीथ क्विन यांना शब्दच सुचले नाहीत, नुसतं ओ ओ करत राहिले.

मला विचाराल तर सगळे बघतात कॅटला, पण खरी गोष्ट आहे ती कार्लिंगच्या हातानंतरची दोन पावलं. एवढं वजन पूर्ण वेगात अडखळल्यावर सावरायचं म्हणजे मांड्यांत आणि कमरेत काय ताकद लागत असेल, विचार करा.

त्या दिवशी चार ट्राय मारले. न्यूझीलंड ४५-२९ नी जिंकलं. त्याच सामन्यात झिंझान ब्रूक या फॉरवर्डनी लांबून ड्रॉप गोल मारला, तो वेडेपणा वेगळाच, फॉरवर्ड लोक असलं काही करत नाहीत.

माइक कॅटचं पुढे काय झालं? बिचारा.

बिचारा कसला! २००३ ला इंग्लंड वर्ल्डकप जिंकलं त्या टीममधे होता, फायनलला बदली म्हणून उतरला आणि शेवटी बॉल मैदानाबाहेर लाथाडून सामना संपवणारा तोच. नंतर मोठा कोच झाला. एका टॅकलवरून (टॅकल म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं) माणसाची किंमत करू नये, बरोबरच्यांपैकी कोणाला तरी जमलं होतं का त्या दिवशी?

मग फायनलला लोमूनी काय केलं?

ट्राय नाही. २४ जून १९९५, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, समोर दक्षिण आफ्रिका. नेल्सन मंडेला कॅप्टन फ्रांस्वा पिनारची ६ नंबरची जर्सी घालून मैदानात आले तोच सामना. ऐंशी मिनिटांनंतर ९-९, मग एक्स्ट्रा टाइम, आणि जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलवर आफ्रिका १५-१२ नी जिंकली. सबंध सामन्यात एकही ट्राय नाही, दोन्हीकडून.

लोमूला थांबवायची त्यांची पद्धत साधी होती, एकट्यानी जायचं नाही. बाहेरून वाट बंद करायची, त्याला आत वळायला लावायचं, आत दोन-तीन जण तयार, पहिला पाय धरणार, बाकीचे वर पडणार. जेम्स स्मॉल त्याच्यासमोर होता, यापी मल्डरनी पाडला, आणि स्क्रमहाफ (स्क्रममधून बॉल काढून पास देणारा) यूस्ट फान डर वेस्टहाउझेननी तर मोकळ्यात येणाऱ्या लोमूला खाली शिरून असा पाडला की तो टॅकल आजही दाखवतात. धडकेला धडक नाही, पाय धरा. पाय धरले की कितीही मोठा माणूस पडतो, फक्त तिथे डोकं घालायची छाती पाहिजे.

आणि हे वाचून बऱ्याच जणांना खरं वाटत नाही पण लोमूनी सबंध करिअरमधे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टेस्टमधे एकही ट्राय मारला नाही. एकही नाही!

फायनलच्या आधी न्यूझीलंडच्या टीमला विषबाधा झाली होती म्हणे?

सामन्याच्या दोन दिवस आधी बरेच खेळाडू उलट्या-जुलाबानी आडवे झाले होते हे खरं आहे. ते मुद्दाम केलं असा कोच मेन्स यांचा आरोप होता, सूझी नावाच्या वेट्रेसची कथापण फिरते. सिद्ध काहीही झालेलं नाही. माझं मत विचाराल तर आजारी असोत नसोत, त्या दिवशी आफ्रिकेचा डिफेन्स जिंकला.

लोमूमुळे रग्बीत पैसा आला असं म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. १९९५ पर्यंत रग्बी युनियन कागदोपत्री हौशी खेळ होता, म्हणजे जगातले टॉपचे खेळाडू नोकरी-धंदा सांभाळून खेळायचे. ऑगस्ट १९९५ मधे पॅरिसच्या बैठकीत तो प्रोफेशनल झाला. पण त्याआधीच, वर्ल्डकप फायनलच्या आदल्या दिवशी, रूपर्ट मरडॉकच्या न्यूज कॉर्पबरोबर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डांचा दहा वर्षांचा टीव्ही करार जाहीर झाला होता, साधारण ५५ कोटी अमेरिकन डॉलरचा. लोक गोष्ट अशी सांगतात की मरडॉकनी सेमीफायनल बघितली आणि चेकबुक काढलं. अहो पण मधे दिवस किती, पाच! पाच दिवसांत तीन देशांच्या बोर्डांचा करार होत नसतो, बोलणी आधीपासूनच चालू होती, रग्बी लीगवाले खेळाडू पळवत होते, त्याची धास्तीपण होती.

मात्र टीव्हीवाल्यांना विकायला जो चेहरा लागतो तो या पोरानी दिला, हे शंभर टक्के. त्याच्या नावाची व्हिडिओ गेम निघाली १९९७ ला, प्लेस्टेशनवर. रग्बीवाल्याच्या नावाची गेम!

एनएफएलमधे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधे, जाणार होता का?

ऑफरच्या बातम्या खूप आल्या, डॅलस काउबॉइज या तिथल्या टीमचं नाव सारखं यायचं, रग्बी लीगच्या क्लबांचीपण रांग होती. गेला नाही. काळ्या जर्सीतच राहिला.

त्याला नेमका आजार काय होता?

नेफ्रॉटिक सिंड्रोम. सोप्या भाषेत सांगायचं तर किडनी म्हणजे गाळणी, रक्तातली घाण बाहेर टाकायची आणि कामाचं ते ठेवायचं. या आजारात गाळणीची भोकं मोठी होतात आणि रक्तातलं प्रोटीन लघवीतून निघून जायला लागतं. प्रोटीन कमी झालं की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, बाहेर झिरपतं, त्यामुळे पाय, चेहरा, डोळ्यांखाली सूज, आणि सतत थकवा. औषध म्हणून साधारणपणे स्टिरॉइड्स देतात (मसल वाढवायची ती नव्हे, ही वेगळी, दाह कमी करणारी), त्यांचे स्वतःचे त्रास वेगळे, वजन वाढतं, झोप उडते, इन्फेक्शन पटकन होतं.

१९९५ च्या वर्ल्डकपनंतर हे निदान झालं आणि १९९७ चा बराचसा काळ उपचारात गेला. वय वर्षं बावीस. म्हणजे जग ज्याला रानरेडा, ट्रक, काय काय म्हणत होतं त्या माणसाचे पाय संध्याकाळी सुजत होते.

असा आजारी माणूस टेस्ट रग्बी खेळला कसा?

हाच प्रश्न मला पण पडतो आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. हा आजार कमी-जास्त होत राहतो, औषधांनी आटोक्यात आला की माणूस ठीक वाटतो, मग परत उसळतो. लोमूच्या करिअरचा ग्राफ बघितला तर तसाच आहे. मधेच महिनोन्महिने गायब, मधेच जाडजूड आणि संथ, आणि लोक म्हणणार की पोरगं सुस्तावलं, पैसे आले, ट्रेनिंगला कंटाळतो. आणि मग अचानक एखाद्या शनिवारी चार जणांना ओढत नेऊन ट्राय.

१९९७ च्या शेवटी तो परत आला आणि ऑल ब्लॅक्सबरोबर ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. १९९८ ला क्वालालंपूरच्या कॉमनवेल्थ गेम्समधे रग्बी सेव्हन्स पहिल्यांदा होतं, तिथे फिजीला हरवून न्यूझीलंडनी गोल्ड घेतलं, त्या टीममधे हा होता. क्लबच्या लेव्हलला ऑकलंड ब्लूजबरोबर १९९६ चं पहिलंवहिलं सुपर १२ (न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या टीमांची स्पर्धा) जिंकला, पुढे चीफ्स, मग हरिकेन्स.

१९९९ चा वर्ल्डकप?

आठ ट्राय, एका वर्ल्डकपमधले. लोक १९९५ चं बोलतात, पण माझ्या मते खेळाडू म्हणून तो १९९९ ला जास्त पक्का होता. ट्विकनहॅमवर गटातल्या सामन्यात इंग्लंडशी १६-१६ बरोबरी चालू होती, तेव्हा अर्ध्या मैदानाच्या आसपास बॉल मिळाला आणि इंग्लंडचे एकेक टॅकलर अंगावरून झटकत कोपऱ्यात जाऊन पडला. सामना तिथेच फिरला, ३०-१६.

सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध दोन ट्राय मारले, न्यूझीलंड २४-१० नी पुढे, आणि मग जे झालं ते रग्बीतल्या सगळ्यात मोठ्या उलथापालथींपैकी एक. फ्रान्सनी लागोपाठ तेहतीस पॉइंट काढले! ४३-३१ नी न्यूझीलंड घरी. तिसऱ्या जागेच्या सामन्यात परत दक्षिण आफ्रिका, परत हार.

म्हणजे तो वर्ल्डकप कधी जिंकलाच नाही?

पंधरा जणांचा नाही. पण सेव्हन्सचा जिंकलाय, आणि हे फार कमी जणांना आठवतं. २००१, अर्जेंटिनातलं मार देल प्लाता. एरिक रश हा मोठा खेळाडू पाय मोडून बाहेर गेला, त्याच्या जागी लोमू आला आणि फायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन ट्राय मारले, ३१-१२.

आकडे सांगा ना एकत्र.

६३ टेस्ट, ३७ ट्राय. वर्ल्डकपमधे १५ ट्राय, तेही फक्त ११ सामन्यांत, दोन वर्ल्डकप मिळून. हा रेकॉर्ड त्याच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानानी २०१५ ला गाठला, हबानाला मात्र जास्त सामने लागले.

शेवटची टेस्ट २३ नोव्हेंबर २००२, कार्डिफला वेल्सविरुद्ध. त्याच दौऱ्यात दोन आठवडे आधी ट्विकनहॅमवर इंग्लंडला दोन ट्राय मारलेत. वय सत्तावीस. सत्तावीस म्हणजे विंगरच्या ऐन उमेदीचं वय हो, तिथे याची फाइल बंद झाली.

डायलिसिस कधी सुरू झालं?

मे २००३ ला बातमी आली की किडन्या इतक्या खराब झाल्यात की आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर जावं लागतंय. डायलिसिस म्हणजे दर वेळी चारेक तास मशीनला जोडून पडायचं, रक्त बाहेर काढून, गाळून, परत आत. ज्या दंडानी लोक बाजूला सारले त्याच हातात सुया. पुढे परिस्थिती अजून बिघडली, पायांच्या नसांना इजा झाली, चालणं अवघड होत गेलं, आणि किडनी मिळाली नाही तर व्हीलचेअरची वेळ येईल इथपर्यंत गोष्ट गेली.

२८ जुलै २००४ ला ऑकलंडमधे ट्रान्सप्लांट झालं. किडनी दिली ग्रँट केरिआमा यांनी, वेलिंग्टनचे रेडिओवाले, लोमूचे मित्र. स्वतःहून पुढे आले.

त्यानंतर परत खेळला असं ऐकलंय, हे शक्य आहे?

झालंय. म्हणजे ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला डॉक्टर सांगतात जपून राहा, आणि हा जूनमधे, वर्षसुद्धा झालं नव्हतं, ट्विकनहॅमला इंग्लंडचा माजी कॅप्टन मार्टिन जॉन्सनच्या सन्मान सामन्यात उतरला, ट्राय मारला, आणि खांदा दुखावून घेतला. खांद्याचं ऑपरेशन झालं, मग डिसेंबर २००५ ला वेल्सच्या कार्डिफ ब्लूजकडून परत सुरुवात. नंतर न्यूझीलंडमधे नॉर्थ हार्बरकडून. त्याला २००७ चा वर्ल्डकप खेळायचा होता, ते काही जमलं नाही, मोठ्या टीमचं काँट्रॅक्टच मिळालं नाही. २००७ ला प्रोफेशनल रग्बीतून बाहेर पडला, तरी २००९ ला फ्रान्समधे मार्से-वित्रोल नावाच्या खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडून दिसला.

ते सामने बघवत नाहीत हे कबूल करतो. पाय आधीचे राहिले नव्हते. काही लोक म्हणतात की थांबायला हवं होतं, मीपण कधीतरी तसं म्हटलं असेन, पण व्हीलचेअरच्या तोंडातून परत आलेल्या माणसाला पळू नको म्हणणारे आपण कोण.

त्याचा डिफेन्स कच्चा होता, ओव्हररेटेड होता असं काही जण म्हणतात...

पहिला भाग बरोबर, दुसरा चूक. उंच किकखाली तो डळमळीत असायचा, पाठीमागे मारलेल्या बॉलला वळायला उशीर व्हायचा, हे १९९४ ला फ्रेंचांनी दाखवलं आणि नंतरही टीम तेच करत राहिल्या. पण एक लक्षात घ्या, त्याच्या प्रत्येक हल्ल्याला समोरचे दोन-तीन जण लावावे लागायचे, म्हणजे दुसरीकडे तेवढी जागा मोकळी. त्याच्याच टीममधल्या जेफ विल्सन, क्रिश्चियन कलन यांना जी मोकळी मैदानं मिळाली त्यात लोमूला अडवायला गेलेल्या माणसांचा हिस्सा होता. ते कुठल्या आकड्यात येत नाही.

मृत्यू कसा झाला?

२०११ च्या सुमाराला शरीरानी नवी किडनी नाकारली आणि परत डायलिसिस. तरी फिरत राहिला. २०१५ च्या वर्ल्डकपला इंग्लंडमधे होता, कार्यक्रम करत होता, मधे मधे डायलिसिस. तिथून बायको आणि दोन मुलांबरोबर दुबईला सुट्टी घेऊन ऑकलंडला परतला आणि लगेच, १८ नोव्हेंबरच्या सकाळी, घरी अचानक गेला. ऑल ब्लॅक्सचे जुने डॉक्टर जॉन मेह्यू यांनी कुटुंबाच्या वतीने बातमी दिली.

३० नोव्हेंबरला ईडन पार्कवर निरोपाचा कार्यक्रम झाला. शवपेटी मैदानावर आणली आणि वेस्ली कॉलेजच्या पोरांनी हाका केला, म्हणजे माओरी लोकांचं ते पाय आपटत, छाती ठोकत करायचं आव्हान. जी शाळा आईनी याला गल्लीतून उचलून गाठायला लावली होती त्याच शाळेची पोरं, त्याच वयाची.

मला नव्याने बघायचंय, कुठले सामने बघू?

१९९५ ची इंग्लंडची सेमीफायनल, पण क्लिप नाही, पूर्ण सामना. हाफटाइमला २५-३ होतं आणि इंग्लंडनी दुसऱ्या हाफमधे चार ट्राय काढले, त्यातपण शिकण्यासारखं आहे. मग १९९९ चे इंग्लंड आणि फ्रान्सचे दोन्ही.

आणि एकच बघणार असाल तर १५ जुलै २००० चा सिडनीचा, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, १,०९,८७४ लोक मैदानात. न्यूझीलंड सुरुवातीच्या काही मिनिटांतच २४-० नी पुढे, हाफटाइमला २४-२४, आणि शेवटाला ऑस्ट्रेलिया ३५-३४ नी पुढे. अगदी शेवटच्या क्षणांत टेन रँडलचा पास डावीकडे लोमूकडे येतो. समोर स्टीफन लार्कम, बाजूला टचलाइन, मधे जागा जेमतेम एका माणसाची. इथे त्याला तुडवायला कोणी सापडत नाही आणि तो तुडवतही नाही. लार्कमचा हात झटकतो आणि ११९ किलोचा तो माणूस पांढऱ्या रेषेच्या कडेकडेने चवड्यांवर, एकही पाऊल बाहेर न टाकता, पलीकडे जातो. ३९-३५. स्लो मोशनमधे त्याचे पायच बघा, वरचं काही बघू नका.